दिव्यासमोरचे सहा आठवडे

प्रिय अक्का,

तुला जाऊन आठ महिने झाले. या दिवसांत तुला लिहावेसे वाटले नाही असे नाही. धीर झाला नाही. काल मात्र लोहाऱ्याहून तुझ्या मैत्रिणीचा, शकिराबींचा फोन आला. इकडचे तिकडचे बोलून झाल्यावर त्यांनी विचारले, "भाऊ, खरं सांगा. आजारपणात अक्कानं माजं नाव एकदा तरी काढलं व्हतं का?"

मी म्हणालो, "आवाज नीट येत नाही, नंतर बोलतो." आणि फोन ठेवला.

लोहाऱ्याच्या शिवणवर्गात तुम्ही दोघींनी बावीस वर्षे एकाच खोलीत मुलींना शिकवले. निवृत्तीनंतर तू माझ्याकडे धाराशिवला आलीस आणि चार वर्षांत तुला विसर पडू लागला. दिवसा पेंग, रात्री चपला शोधत घरभर फेऱ्या. डॉक्टरांनी प्रकाशोपचार सुचवला. सहा आठवडे, रोज सकाळी अर्धा तास, प्रखर पांढऱ्या दिव्यासमोर बसायचे. झोप सुधारेल, तरतरी येईल, पण स्मृतीची हमी देता येणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले होते. एकही दिवस चुकवायचा नाही, हा नियम मात्र माझा.

दिव्याचे अंतर मी टेपने मोजले; खुर्चीच्या पायांपाशी फरशीवर खडूने खुणा केल्या. तू हसलीस. "श्रीकांता, मला काय पापडागत वाळवायलास व्हय रं?"

किती मोकळे हसायचीस गं तेव्हा!

आणि रोज दिवा लागला की तुझे एकच मागणे. "मला एकदा लोहाऱ्याला ने की. शकिराचं तोंड इसरायच्या आत बघून येते."

म्हणजे तुला कळत होते, अक्का. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे सांगितले, ते तू दिव्याकडे पाहत सरळ बोलून दाखवत होतीस. आणि मी? "सहा आठवडे होऊ दे. प्रवासाने झोप बिघडेल, घडी विस्कटेल." लोहारा असा कोणता परमुलूख होता? सकाळचा अर्धा तास आटोपून एसटीने निघालो असतो, तर दिवेलागणीच्या आत घरी परतलो असतो. खंडसुद्धा पडला नसता! सारा जन्म वेळापत्रके आखण्यात घालवलेल्या मला एवढे साधे गणित सुचू नये?

दिव्याला मी दोष देणार नाही. तुला सलग झोप लागू लागली. दुपारी तुझ्या भावजयीसोबत, सुमनसोबत, भाजी निवडायला बसू लागलीस. पाचव्या आठवड्यात तू लोहाऱ्याचे नाव काढणेही सोडलेस. मी सुमनला अभिमानाने म्हणालो, "पाहिलेस? अक्काचे मन आता स्थिर झाले."

तू का थांबलीस, हे मला लोहाऱ्यात कळले. सहा आठवडे पूर्ण करूनच मी तुला नेले. शकिराबी दारातच उभ्या होत्या. तू हात जोडलेस. "नमस्कार बाई. तुमी कुणाच्या?"

"नाटकं करतीस व्हय गं?" त्या हसल्या. मग तुझ्याकडे नीट पाहून त्यांनी तुझे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले. निघताना मला म्हणाल्या, "भाऊ, थोडं आदी का न्हाय आणलं तिला?"

"सुट्टी मिळत नव्हती."

इतक्या सफाईने मी आयुष्यात कधी खोटे बोललो नव्हतो. तुझ्यावर उपचार करत होतो की माझाच नियम सांभाळत होतो, याचे उत्तर मला त्या दारातच मिळाले होते. ते मान्य करायला तुझे जाणे आणि त्यानंतरचे हे आठ महिने लागले. दरम्यान शकिराबी समजून बसल्या आहेत की तू सर्वांत आधी त्यांनाच विसरलीस. माझी चूक तुझ्या नावावर जमा झाली, आणि मी ती होऊ दिली.

अक्का, तुला शब्द देतो. येत्या रविवारी मी लोहाऱ्याला जाईन. फोनवर नाही, समोर बसून सांगेन की तू रोज सकाळी त्यांचे नाव घेत होतीस आणि रोज नकार देणारा मी होतो. त्या रागावतील. कदाचित पुन्हा माझे तोंड पाहणार नाहीत. पाहू नये त्यांनी. पण तुझ्याविषयीचा त्यांचा समज दूर केल्याशिवाय मी तिथून उठणार नाही.

तुझा धाकटा भाऊ,
श्रीकांत