आकडा चांगला होता

१२ मार्च, दुपार

प्रिय ताई,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे असं लिहायची पद्धत आहे, म्हणून लिहिलं. तुझ्या गुडघ्याचं काय? गोळ्या घेतेस की नुसती डबीकडे बघत बसतेस? माझी पाठ पार कामातून गेलीय. जोडीदारीण नोकरी सोडून गेल्यापासून दोघींचं काम माझ्या एकटीच्या गळ्यात आहे, आणि नवीन माणूस ‘येईल, येईल’ असंच ऐकतेय.

फोन का उचलत नाहीस, म्हणून तू निरोप ठेवलास. आवाजावरून तू लगेच ओळखशील, म्हणून नाही उचलला.

आधी नीट सांगते. बॅटरीतलं ॲसिड उडून भावोजींचा उजवा डोळा गेला, तेव्हा डाव्या डोळ्याच्या कडेचा कणीएवढा तुकडा काढून आमच्या प्रयोगशाळेत वाढवायला दिला. त्या पेशींचा पातळ पापुद्रा तयार झाला की तो उजव्या डोळ्यावर बसवायचा. पूर्वी पेशी मोजायच्या तर थोड्या बाहेर काढून निळा रंग घालायचो. मेलेल्या निळ्या होतात, जिवंत असतात त्या होत नाहीत. पण मोजून झाल्या की सगळ्याच फेकाव्या लागायच्या. एवढ्याशा तुकड्यातून काय काय फेकणार? म्हणून आता पेशी उबेत ठेवायच्या कपाटातच कॅमेरा आहे. रंग नाही, हात लावणं नाही. नुसत्या उजेडात फोटो निघतो आणि कॉम्प्युटर कडा ओळखून जिवंत पेशी मोजतो.

आकडा रोज वाढत होता. मी तो बघायचे आणि पुढच्या कामाला पळायचे. फोटो उघडून बघायला हवा होता गं. नाही उघडला. आणि वर तुला फोन करून सांगितलं, “भरभराट आहे!” झालं, तू सासूबाईंपासून शेजारणीपर्यंत सगळ्यांना सांगून मोकळी. भावोजींनी तर मोटरसायकल धुऊनपुसून दारात उभी केली म्हणे.

गेल्या मंगळवारी आमच्या मोठ्या बाई आल्या. स्क्रीनवरचा फोटो मोठा करून म्हणाल्या, “आकडा छान आहे. पण ही मंडळी कोण?”

आपल्याला हव्यात त्या पेशी फरशीसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. तशा एका कोपऱ्यात होत्या, थोड्याशा. बाकी सगळीकडे लांबट, दोन्ही टोकांना निमुळत्या. तुकड्याबरोबर आलेल्या खालच्या थराच्या. त्या भराभर वाढतात आणि दुसऱ्यांना जागाच ठेवत नाहीत. यंत्राला काय बोल लावणार? जिवंत मोज म्हटलं, त्याने मोजल्या. खात्रीसाठी शेवटी एका कोपऱ्यावर पेशींची जात ओळखायचा वेगळा रंग घालून पाहिला. बाई बरोबर होत्या.

“लवकर दिसलं असतं तर?” मी विचारलं.

“तर त्या काढून टाकता आल्या असत्या, बहुतेक,” त्या म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघून म्हणाल्या, “जा, आज घरी जा.”

गेले नाही. घरी जाऊन तरी काय करणार होते?

ताई, तो पापुद्रा बसवता येणार नाही. शुक्रवारी डॉक्टर फोन करतील आणि चांगल्या डोळ्याचा पुन्हा एक तुकडा मागतील. धोका थोडा आहे, पण आहे. दुसरा तुकडा आला तर तो वाढवायची बशी माझ्याकडे नसेल, तसं मीच बाईंना सांगितलंय. घरच्या माणसाचं काम हातात घ्यायचं नाही असा इथे नियमच आहे. मीच हट्टाने मागून घेतलं होतं, परक्याच्या हाती नको म्हणून.

काल भावोजींचा फोन आला. त्यांचा मात्र उचलला.

“काय म्हणतायत आमच्या पेशी?”

“जिवंत आहेत,” मी म्हणाले.

“मग झालं तर! तू आहेस, मला काय काळजी!”

काम आहे म्हणून मी फोन ठेवला. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

म्हणून डॉक्टरांचा फोन यायच्या आत तू त्यांना सांग. सगळं सांग, माझंही. दुसऱ्यांदा डोळा पुढे करायचा की नाही, ते त्यांना ठरवू दे. तू सगळ्यांचं ठरवतेस, हे नको ठरवूस. नको म्हणाले तर त्यांच्याशी भांडू नकोस.

माझ्याशी भांड. हवं ते बोल, मी ऐकून घेईन. फक्त त्यांच्यासमोर नको. ते माझीच बाजू घेतील, आणि ते मला सोसणार नाही.

तुझी,
धाकटी