तांदूळ न चावता दिलेला चेक

आत्याबाई, तुमाला जाऊन इतकी वर्षं झाली, पण आज तुमच्याशी बोलल्याबिगर मला चैन पडायची न्हाई. मी तिसरीपातूर शिकलेली, माझं अक्षर तुमी कधी बघितलंच न्हाई, आता बघून हसाल. नातीच्या जुन्या वहीत लिहितेय, निम्मी पानं कोरीच टाकलीत तिनं. तुमची ही पणती आता पुण्याला नर्सिंगला निघालीय. लहानपणी सुई टोचणारी बाई आपल्या पासलीच्या शाळेत आली की ही भाताच्या खाचरात जाऊन लपायची, आणि आता हीच लोकांना टोचणार. मला तर सारखं हसू येतंय. चार घरी सांगून झालं, पाचव्या घरी सांगायला गेले तर तिथली बाई म्हणाली, "आजे, हे तू कालच सांगितलंस की." सांगितलं असंल, पुन्हा ऐक म्हणलं. तर सांगायचं ते हिच्या फीचं. ती फी जाता जाता राह्यली.

झालं असं, की सुनेनं औंदा आपला इंद्रायणी विकायला मोबाईलवर टाकला. म्हंजे तांदळाचा फोटो काढून टाकला, तांदूळ पोत्यातच. दोन दिवसांनी पुण्याहून एकाचा फोन आला. आमची मेस आहे, दहा पोती पायजेत. सुनेनं भाव सांगितला. तो म्हणाला, ठीक आहे. एवढंच. दुसऱ्या दिवशी त्याचा माणूस मोटारसायकलवर चेक घेऊन हजर. पांढरा सदरा, केसाला तेल, मला 'आई आई' करतोय. चहा प्याला, वर म्हणतो, "साहेबांनी टेम्पोचं भाडंबी चेकातच धरलंय. अठरा हजार जास्तीचे आहेत. तेवढे तुम्ही टेम्पोवाल्याला मोबाईलवरून पाठवा, म्हंजे तो लगेच माल न्यायला येईल." मी परातीत तांदूळ घेऊन त्याच्या म्होरं धरला. त्यानं चार दाणे उचलले, हातातल्या हातात खेळवले आणि परत टाकले. माझ्या मनात कायतरी खुटखुटलं, पण चहाची कपबशी उचलायच्या नादात ते तसंच राह्यलं.

सून वेल्ह्याला जाऊन चेक बँकेत भरून आली. संध्याकाळच्या आत तिच्या मोबाईलवर बँकेचा मेसेज आला, इंग्रजीत. तिला त्यातला आकडा तेवढा वाचता आला, आणि तो आकडा चेकाचाच. ती चूल सोडून उठली. "आई, पैसं आलं!" तेवढ्यात साहेबाचा फोन. टेम्पो मार्गासनीला येऊन थांबलाय, ड्रायव्हर दुसरं भाडं घेऊन निघून जाईल, आत्ताच्या आत्ता अठरा हजार टाका. ठेवला की पुन्हा फोन. तिच्या खात्यात होते ते फीचे पैसे, दोन वर्षं साठवलेले. लेक किकवीला हाटेलात कामाला, त्याचा फोन लागंना. ती म्हणाली, "आत्ता पाठवते, चेकाचे आलेच हैत की." घरात फोन येतो, पण पैसं पाठवायला लागती तेवढी रेंज न्हाई, हे तुमाला कुठं ठावं, तुमच्या येळेला रेंज कुणाला पायजे होती! रेंज धरायला देवळाच्या मागच्या टेकाडावर चढावं लागतं. मंग आमी दोघी निघालो. ती म्होरं तरातरा, मी मागं गुडघं धरत.

आणि त्या चढावर, आत्याबाई, मला भोरचा बाजार दिसला. मी नवी नवरी आहे, तुमी मीठ आणायला गेलाय आणि मला तांदळापाशी बसवलंय. एक गोडबोल्या माणूस येतो, भाव विचारतो, बरं म्हणतो, पायलीभर तांदूळ पिशवीत घेतो. "पलीकडं दुकानात पैसं ठेवलेत, आणतो वैनी." मी त्याची वाट बघतच बसलेय. तुमी येता आणि मला पैसं मागत न्हाई, आरडत न्हाई, पयलं विचारता, "त्यानं दाणा चावला का?" मी म्हणते न्हाई. "भाव पाडून मागितला?" न्हाई. "मंग त्याला तांदूळ नको होता, भवाने. खायला नेणारा माणूस दाणा दाताखाली धरतो, कट् करून तुटतोय का बघतो, वाळलाय का वल्ला हाय ते बघतो. चार शब्द भांडतो." आणि मी रडाया लागले तर तुमी कासाराकडं नेऊन मला हिरव्या बांगड्या भरल्यात. म्हणालात, "असलं तोंड घेऊन घरी आलीस तर गाव म्हणंल सासू छळती."

टेकाडावर पोचले तर सुनेचं बोट मोबाईलवर होतं. मी हात धरला. म्हणलं, "थांब. त्या माणसानं दाणा चावला न्हाई."
"आई, आता चावायचं कुठं काढलंत मधीच?"
"दहा पोती घेतोय आणि चव बघत न्हाई? भाव पाडत न्हाई? वर आपल्यालाच पैसं देतोय, आणि टेम्पो आपून बोलवायचा?"
तेवढ्यात फोन वाजलाच. मी घेतला. म्हणलं, "साहेब, टेम्पो वर पासलीला येऊ द्या. पोती चढवा. ड्रायव्हरच्या हातात रोख देते, चहाबी देते."
"आजी, तसं चालत नाही. ऑनलाईनच लागतं. तुम्हाला नाही कळायचं."
"मला कळतंय ते मी सांगितलं. टेम्पो पाठवा."
फोन बंद. टेम्पो आला न्हाई, फोनबी आला न्हाई.

दुसऱ्या दिवशी आमी दोघी बँकेत गेलो. काचेमागं नातीएवढीच पोरगी. तिनं मेसेज वाचला आणि कपाळाला हात लावला. "आजी, हा चेक घेतल्याचा मेसेज आहे, पैसे आल्याचा नाही. चेक वटल्याशिवाय त्यातला रुपया आपला नाही. घाईनं थोडे परत मागणाऱ्याला तर काहीच द्यायचं नाही." आणि खरंच, चेक परत आला. ज्याचा होता त्याचं खातं कवाच बंद झालेलं, चेकबुक चोरीला गेलेलं. पोरीनं परतीचा कागद दिला, तो घेऊन आमी पोलिसात लिहून दिलं. सुनेनं त्या माणसाचा नंबर, मेसेज, सगळं दाखवलं. हवालदार म्हणाला, "पैसे गेले नाहीत हे नशीब, नायतर मागं पळत बसला असता." सोमवारी नातीची फी भरली. पावतीचा फोटो तिनं सुनेच्या मोबाईलवर पाठवलाय, मी तो रोज बघते.

आता नात सगळ्यांना सांगत सुटलीय, "माझ्या आजीनं चोर ओळखला." आळीतल्या बायका विचारायला येतात, मीबी सांगते, हात नाचवून सांगते. सून भाकरी थापत ऐकते. पण तुमच्यापाशी खरं सांगते. त्या दिवशी घरात तिनं मला विचारलं होतं, "आई, पाठवू का?" आणि म्या म्हणलं होतं, "पाठव की, पोरीला पुण्यात दोन डिरेस जास्ती येतील." घरात तेवढी रेंज असती तर तितंच काम झालं असतं. हे तिला ठावं आहे. तिनं नवऱ्याला सांगितलं न्हाई, लेकीला सांगितलं न्हाई, हवालदारासमोरबी "आईंनी थांबवलं" एवढंच म्हणाली. तिच्या पाठीवर एकदा हात ठेवावा असं रोज मनात येतं. ती हितं चार हातांवर भांडी घासतीया, आणि मी हे तुमाला लिहीत बसलेय.