पाण्याला द्यायची तलवार

एलेंबिव महिना, दिवस तिसरा

मासालिया बंदराचा ग्रीक व्यापारी आला. दारूचे रांजण आणि नेहमीची बडबड घेऊन. त्याच्या टोपलीत जुन्या दागिन्यांचा ढीग होता, आणि त्यात सेगोमारचं कडं! गळ्यातलं, सोन्याचं. एका टोकाला माझ्या दाताची खूण – लग्नाच्या दिवशी सगळ्यांदेखत चावून पाहिलं होतं, सोनं खरं आहे का म्हणून. तेव्हा हसून म्हणाला होता, "मी बायको केली की सोनार?"

कुठून आणलंस, विचारलं. "बाजारातून, बाई. हातोहात फिरत आलं." एवढंच. माझी दोन्ही कांकणं देऊन सोडवून घेतलं.

मेणाच्या पाटीवर अक्षर नीट उमटत नाही.

दिवस चौथा

आमच्यातल्या लढवय्याच्या गळ्यातलं कडं निघतं ते मान गेल्यावरच. हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. दुपारपर्यंत गावभर झालं.

सासूबाई रडल्या नाहीत. खुंटीवरच्या तलवारीकडे बघत बसल्या. नवी तलवार माझा नवरा लढाईला घेऊन गेला. ही त्याच्या बापाची, आता त्याची. माणूस गेला की ती तापवून दुमडायची आणि तळ्याला द्यायची, म्हणजे तिकडे त्याच्या हातात हत्यार असतं. आणि इकडे तो संपतो. त्याचं नाव घ्यायचं नाही, जेवणात त्याची जागा ठेवायची नाही.

पण बायकोने हो म्हटल्याशिवाय लोहार भट्टी पेटवत नाही. मी हो म्हणणार नाही. मुळीच नाही!

दिवस सातवा

धाकटे दीर आले, दोइरो भावजी. केस चुन्याने ताठ केलेले, मिशांना पीळ.

"वहिनी, तीन उन्हाळे झाले. त्या परदेशी राजासाठी लढायला गेलेले सगळे परत आले, घोड्याच्या छापाची नाणी खुळखुळवत."

"सगळे नाही आले."

"तेच तर म्हणतोय मी."

वाईट नाहीत भावजी. पण माझ्या मागावरच्या चौकटीच्या झग्याला हात लावून विचारलं, "हा कोणासाठी?" म्हटलं, "तुम्हाला खांद्यात सैल होईल." गेले बिचारे तोंड पाडून.

दिवस आठवा

त्याची फार आठवण येते. दुसरं काही लिहिण्यासारखं नाही.

दिवस अकरावा

आज झगा पाच बोटांपुढे सरकला नाही. सारखा तोच डोळ्यांपुढे. जवाची दारू मिशीतून गाळून प्यायचा आणि मग तसाच माझ्या तोंडाजवळ यायचा! काहीजण लढाईत उघड्या अंगाने धावतात, त्यात मोठेपणा मानतात. हा म्हणायचा, "बायकोने मरमरून विजार विणलीय, ती काय घरी ठेवून जाऊ?" सगळे पोट धरून हसायचे.

एक गोष्ट कोणालाच सांगितलेली नाही. तो निघाला तेव्हा म्हणाला होता, "तू नको म्हण, राहतो." मी नको म्हटलंच नाही. सोनं मलाही हवं होतं. नवं घर हवं होतं, घोडे हवे होते. मेलं ते सोनं! नको म्हटलं असतं तर आज इथे बसून माझा दोरा गुंतवत असता.

दिवस चौदावा

सकाळी सासूबाई मागाशेजारी येऊन बसल्या. बराच वेळ लोकर पिंजत राहिल्या. मग म्हणाल्या, "पोरी, माझं लेकरू तिथे रिकाम्या हाताने उभं आहे गं. सगळ्यांकडे हत्यार, ह्याच्याकडेच नाही. सगळे हसत असतील त्याला. तू धरून ठेवलंयस म्हणून तो ना इथला, ना तिथला."

आणि मग रडल्या. तीन वर्षांत पहिल्यांदा. त्यांचं ते रडणं मला बघवेना.

हो म्हटलं.

दिवस सोळावा

केलं. पातं तापून लाल झालं, लोहाराने दगडावर टेकवून दुमडलं. तळ्याकाठी पुजाऱ्यांनी तीनदा विचारलं, "गेला?" मी तीनदा म्हटलं, "गेला." तिसऱ्यांदा सासूबाईंनी हात धरला. तलवार पाण्यात टाकली, तिच्यामागे कडं.

घरी येऊन त्याचा वाडगा उचलून ठेवला. आता कशाची वाट बघायची?

दिवस एकविसावा

तो आलाय!

वेशीच्या दाराबाहेर उभा आहे. अनवाणी, मान उघडी, हाडांचा सापळा. ओरडून सांगतोय – कैदेत होतो, सुटायला कडं दिलं, घरी यायला दिलं! कोणी दार उघडत नाही. ज्याची तलवार पाण्याला दिली त्याला आत घेत नाहीत. त्याच्या रूपात दुसरंच कोणी आलंय म्हणतात. सासूबाईंनी झग्यात तोंड लपवलं. भावजी रडताहेत, पण भाला आडवा धरून.

मी पुजाऱ्यांच्या पायांवर पडले. ते म्हणाले, "गेला असं तीनदा तूच सांगितलंस."

सांगितलं. मीच सांगितलं. आता त्याला आत आणणं माझ्या हातात नाही. बाहेर जाणं आहे. त्याला शिवलेल्या बाईला परत घेणार नाहीत म्हणे. न घेवोत!

भाकरी बांधल्यात. तो भुकेला असेल.