एका रात्रीचं माहेर

चि. धाकट्यास आक्काचा आशीर्वाद.

गुडघा कसा आहे तुझा? मी ठणठणीत आहे, उगाच फोन करून विचारत बसू नकोस.

बाबांच्या इस्त्रीच्या दुकानामागचं आपलं घर आता मोबाईलवर रात्रीपुरतं भाड्याने मिळतं. सुनेने फोटो दाखवला आणि मला राहवेना. एक रात्र तिथे झोपायचंच, म्हटलं. तर आधी ओळखपत्र, मग माझं तोंड (डावीकडे वळा, उजवीकडे वळा; लग्न ठरवतानाही कुणी इतकं निरखलं नव्हतं). वर मालकीणबाई विचारतात, तुमच्याबद्दल आधी कुणी चांगलं लिहिलंय का? ज्या बाईने त्या फरशा पुसून पुसून झिजवल्या तिच्याबद्दल कोण लिहिणार? सून म्हणाली, "आई, हे तुमचंच घर होतं असं कळवू?" मी म्हटलं, "नको. त्यांना वाटायचं म्हातारी हक्क सांगायला आली."

गेले. दाराला आकड्यांचं कुलूप, आकडे मोबाईलमध्ये आणि मोबाईल बंद. मग मागे जाऊन खिडकीच्या कडीला खालून थाप मारली (शाळा बुडवून तू यायचास तशी), हात घालून मागचं दार उघडलं. दुकानाच्या जागी सोफा आलाय. कोळशाचा वास शोधला, मिळाला नाही. पण खिडकीखालची आईची निजायची जागा तशीच आहे रे. तिथे चादर अंथरतेय तोच मालकीणबाई हजर. पुढे कॅमेरा लावलाय, पण चुगली शेवटी शेजारणीनेच केली, आपल्या वेळेसारखी.

"ही खिडकी अशी उघडते हे तुम्हाला कुणी सांगितलं?" म्हटलं, "माझ्या भावाने शोधून काढलं." ते ऐकून ती जास्तच घाबरली. मग सगळं खरं सांगितलं, तर म्हणाली, "म्हणजे तुम्ही केव्हाही आत येऊ शकता." पैसे परत देऊन मला संध्याकाळच्या गाडीत बसवलं आणि मोबाईलवर लिहिलं, पाहुण्या स्वच्छ आहेत, पण त्यांना घराची नको तितकी माहिती आहे.

तिचंही काय चुकलं? एकटी बाई, अनोळखी माणसं. आपल्याकडे अख्ख्या गल्लीचे कपडे पडलेले असायचे आणि दार सताड उघडं. कुणाच्या खिशात काय निघालं ते बाबांनी आईलासुद्धा कधी सांगितलं नाही. तेव्हा कुणी कुणाला ओळखपत्र मागितलं होतं?

असो. त्या घराचं नाव पुन्हा काढायचं नाही, असं मी ठरवलंय.

तुझी,
आक्का

ता. क. : पुढच्या महिन्यात तुझ्या नावावर बुक कर. दोघांसाठी. बायकोला आणू नकोस, ती पलंग मागेल.

ता. क. : माझं माहेरचं नाव लिही. त्या नावाने मला तिथे आता कुणी ओळखत नाही.