चीन आणि आमचं मागचं दार

४ ऑक्टोबर १९९२, नरडाणा
धुळ्याच्या व्याख्यानमालेचं बोलावणं आलं. विषय — चीन! राज्यशास्त्र शिकवून हाडं झिजली, पण बाहेरून बोलावणं हे पहिलंच. फार बरं वाटलं. बायकोला, सुगंधाला सांगितलं, तर म्हणाली, अंगणातल्या बिबड्या वाळल्या का तेवढं बघा. ज्वारीच्या पापडांपुढे बीजिंग कुठे टिकणार!

७ ऑक्टोबर
भाषणाला घरातलंच उदाहरण सापडलं. चीननं समुद्रकाठची चार शहरं व्यापाराला उघडली, सत्ता मात्र पक्षाच्या मुठीत ठेवली. मीही तेच केलं की! सुगंधाला बिबड्या विकायला मागचं दार उघडून दिलं. गिऱ्हाईक बायका तिकडून येतात, तिकडूनच जातात. पुढचा ओटा, पाहुणे, निर्णय — माझ्याकडे. घर कसं सुरळीत!

११ ऑक्टोबर
मागच्या अंगणात बराच वेळ कुजबुज. बिबड्या घ्यायला एवढा वेळ लागतो?

१३ ऑक्टोबर
बिंग फुटलं. ग्रामपंचायतीत महिलांसाठी राखीव जागा आहे, तिथे या गिऱ्हाईक बायका सुगंधाला उभं करणार! शेजारची धुरपदाबाई मागच्या दारातूनच म्हणाली, "आमनं ठरी गयं, सर. आमनी मेंबर सुगंधाबाईच शे."
मी साफ नाही म्हणालो. धंदा कर, राजकारण नको. सुगंधा काहीच बोलली नाही. ती गप्प बसली की मला धास्ती वाटते.

१८ ऑक्टोबर
व्याख्यान झालं. सुगंधाही आलेली — धुळ्यात गिऱ्हाईक बघायला, म्हणे. मी रंगलो. लोकांच्या हाती पैसा आला की ते सत्तेची चौकशी करत नाहीत, या वाक्याला टाळ्या!
मग अध्यक्षांनी विचारलं, कुणाला काही प्रश्न? मागून ही उठली. चारचौघांत नवऱ्याशी बोलायची आमच्याकडे रीत नाही. म्हणून पदर सावरून अध्यक्षांनाच म्हणाली, "सरांना विचारा, लोक गप्प आहेत म्हणजे त्यांना पटलंय, हे सरांना कुणी सांगितलं?"
मी पाणी प्यालो. अख्खा तांब्या संपवला.
परतीच्या एस. टी.त तिनं माझ्या हातावर चिक्की ठेवली. राग होताच. पण खरं लिहितो — प्रश्न उत्तम होता. माझ्या वर्गात असा कुणी विचारला नाही. अभिमान वाटला, आणि त्याचाच जास्त राग आला.

२१ ऑक्टोबर
निवडणुकीचं विचार करून सांगतो, म्हणालो. ती म्हणाली, "सांगा सावकाश. अर्ज काल भरलाय."

२४ नोव्हेंबर
सुगंधा निवडून आली. पुढचा ओटा बायकांनी गच्च, पाय ठेवायला जागा नाही. मी मागच्या दारानं कॉलेजला गेलो.