लढाई थांबल्यावरचा फोन

प्रिय फलक आपा,

मी सुखरूप आहे, हे आधी वाच आणि मग खाली बस. पत्र तुळशीराम आणून देईल. तो आमच्याच पलटणीतला, मलकापूरचा. हाताला लागलं म्हणून त्याला सुट्टी मिळाली. अम्मीला सांग, जेवण वेळेवर मिळतं. पुढचं मात्र तिला वाचून दाखवू नकोस.

लढाई थांबल्याचं तुम्ही टीव्हीवर आमच्याआधी ऐकलं असेल. आम्हाला दुपारी सुभेदार साहेबांनी सांगितलं. कोणी ओरडलं नाही की नाचलं नाही. जो तो होता तिथं खाली बसला. मग जमा करून घेतलेले फोन परत मिळाले. प्रेमचा चालूच होईना, म्हणून त्यानं माझा ओढून घेतला. "तू मंग कर बे, आधी मले दे," म्हणाला. भरतीच्या परीक्षेचं गणित तुझ्याकडून शिकायला आपल्याकडे चिखलीला वर्षभर राहिला, तेव्हाही ताटावर असाच पहिला बसायचा. त्याच्या आईला, झुंबरमावशीला, त्यानं भराभर सांगितलं, लढाई संपली, मी ठणठणीत आहे, काजलच्या लग्नाला नक्की येतो. बहिणीच्या लग्नात कोणता शर्ट घालणार तेसुद्धा सांगितलं. मग फोन माझ्याकडे देऊन चहा आणायला खाली गेला.

मी तुझा नंबर लावतच होतो. तेवढ्यात गोळा आला. एकच. त्यानंतर आजपर्यंत दुसरा आलेला नाही. पलीकडच्या चौकीला निरोप उशिरा पोचला म्हणतात. असेल. मी धावत गेलो. काय पाहिलं ते तुला लिहीत नाही. चहाची किटली तेवढी उभीच्या उभी होती, झाकणसुद्धा पडलं नव्हतं. मी ती उचलून कोणाचा पाय लागू नये म्हणून बाजूला ठेवली. आपा, माझा दोस्त तिथं पडला होता आणि मी किटली सांभाळत होतो. मला रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. कोणी काही विचारलं तर मी बरोबर उत्तर देतो, पण ते दुसराच कोणी बोलतोय असं वाटतं.

त्याला आमच्यात सर्वांत जास्त ओळखणारा मी, म्हणून ओळख पटवायला मलाच बोलावलं. मी पाहिलं आणि कागदावर सही केली. पेटी गावी गेली. सोबत जायला मी रजा मागितली, पण अजून चौकी सोडायचा हुकूम नाही. पेटी उघडू नका असं घरच्यांना सांगावं लागलं. त्याच्या चुलत्यानं, भगवानरावांनी, अग्नी दिला.

परवा काजलचा मेसेज आला. मावशी अंगणात आलीच नाही. आत चुलीजवळ बसून राहिली. पेटीत दुसऱ्याच कोणाचा पोरगा आहे, ज्याचा आहे त्याच्या घरी पोचवा, असं सगळ्यांना सांगत होती. अजूनही दोन्ही वेळेला प्रेमचं ताट वाढते. लढाई थांबल्यावर पोरानं स्वतः फोन केला, मग लढाईत मरेल कसा, असं विचारते. लोकांना वाटतं, धक्क्यानं तिचं डोकं फिरलं. तसं नाही, आपा. ती त्या फोनवर विसंबून नाही, ती माझ्यावर विसंबून आहे. कागदावर सही करायच्या आधी, मी अजून तिथंच उभा असताना, माझा फोन वाजला. शर्टाचं माप विचारायचं राहिलं म्हणून मावशीनं लावला होता. मागं आमची माणसं पळत होती, तो गलबला तिनं ऐकला असावा. आवाज एकदम बारीक झाला. "अकील, माहा प्रेम तुह्याजवळच आहे ना रे?" आणि मी म्हणालो, "हाव मावशी, ड्यूटीवर गेला." तेव्हापासून ती रोज फोन करते आणि मी उचलत नाही. तू हे पत्र घेऊन तिच्या गावी जा. तेराव्याच्या आधी जा. तुझं ती ऐकेल. पत्र तिला वाचून दाखव, आणि सांग की पेटीत प्रेमच होता, अकीलनं डोळ्यांनी पाहिलं आणि तरी तुझ्याशी खोटं बोलला. ती मला शिव्या देईल. तू ऐकून घे. मधे बोलू नकोस.

तुझाच भाऊ,
अकील