केबिनातली शीळ

१६ जानेवारी, गुरुवार

आजही तो आवाज आला. कसालच्या पुढे चढ लागला आणि केबिनमध्ये तीच शीळ. बारीक, लांब. मध्येच तुटते, पुन्हा लागते.

मी धनेशला विचारलं, "आयकलात?"

"माका काय आयकाक येणा नाय."

बावीस वर्षं ट्रक चालवणाऱ्या नवऱ्याला ऐकू येत नाही आणि बाजूला नुसती बसणाऱ्या मला येतं. बरं.

लेक तन्वी पुण्याला गेल्यापासून घरात करमत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा तरी मी ह्याच्याबरोबर जाते. जांभ्या चिऱ्याच्या खाणीवर गाडी भरायची, बांद्याला रिकामी करायची, परत. पूर्वी केबिनमध्ये इंजिनाची एवढी धडधड की मीठ-मिरचीचं बोलायचं तरी ओरडावं लागे. शेवटी मीच हट्ट धरला. नाक्यावरच्या बाबलीने महिनाभर खपून केबिन नवी करून दिली – छताला फोम, दारांना रबर, खाली जाड मॅट, मला रुंद सीट. बाबली म्हणजे धनेशचा शाळेपासूनचा दोस्त. आता आत एवढं शांत की हळू आवाजात बोलता येतं.

आणि त्या शांततेत ही शीळ.

१८ जानेवारी, शनिवार

आरशाच्या दांडीला चिंधी बांधली. काचेच्या फटीत कागद कोंबला. डॅशबोर्डवरचा गणपती काढून मांडीवर घेतला. शीळ आहेच.

एक गंमत – दोघंही गप्प बसून कान देऊन ऐकायला लागलो की ती थांबते. मी बोलायला लागले की परत सुरू. "तुज्या बोलण्याक साथ देता ती," धनेश म्हणाला. हसता हसता त्याला ठसका लागला.

२१ जानेवारी, मंगळवार

बाबली आला. आधी एकट्याने गाडी हायवेपर्यंत फिरवून आणली. "माका कायच गावाक नाय." मग धनेशला चालवायला सांगितलं, स्वतः माझ्या सीटवर बसला. मी नाक्यावर उभी.

परत आले तेव्हा बाबली गाडीतून लगेच उतरला नाही. उतरल्यावर माझ्याकडे न बघता म्हणाला, "आवाज आसा, वयनी. गाडी दोन दिस ठेवा. काढतंय मी."

म्हणजे चूक त्याच्याच कामात होती. बोलला नाही, पण चेहऱ्यावर दिसत होतं.

२५ जानेवारी, शनिवार

डोकंच फिरलं. गाडी आली ती धनेशच्या बाजूच्या दाराचं रबर उपटून! छताचा फोम निम्मा काढलेला. त्या दाराची काच आता पूर्ण बंदच होत नाही, वारा आत घुसतो. आणि शीळ? आहे. फक्त वाऱ्यात कमी ऐकू येते.

नाक्यावर चार माणसं होती, तरी मी बोलले. "तुमका करूक येणा नाय तर घेतलात कित्याक?"

बाबली फडक्याला हात पुसत राहिला. "चुकला माजा, वयनी."

"आणि ह्या भोक ठेवलात तां?"

"थोडी हवा येवंदे आत."

मी म्हटलं, हवा खायला मी घराच्या पडवीत बसेन. लोक हसले. धनेश गाडीत बसून राहिला, उतरला नाही. मित्राची बाजू घ्यायची तर घ्यायची होती. नाही तर माझी.

२९ जानेवारी, बुधवार

वाडीच्या ग्रुपवर लिहिलं. केबिनचं काम कोणी बाबलीकडे देऊ नये, आमचा अनुभव वाईट आहे. तीनदा वाचलं, मग पाठवलं. भाषा सभ्य होती असं तेव्हा वाटलं.

संध्याकाळी कळलं, वाडीतल्या मंगेशने बाबलीकडे दिलेला टेम्पो अर्ध्या कामातून उचलून कणकवलीला नेला. थोडं वाईट वाटलं. थोडं बरंही वाटलं. दोन्ही लिहून ठेवते.

धनेशने मोबाइल बघून उलटा ठेवला. "कित्याक लिवलंस?" एवढंच. मग चादर घेऊन पडवीत गेला. दिवाळीपासून तिथेच झोपतो. खोलीत उकडतं म्हणे. जानेवारीत!

३ फेब्रुवारी, सोमवार

देवाला गाऱ्हाणं घातलं.

बाबली "चुकला" म्हणतो पण काय चुकलं ते सांगत नाही, धनेश तोंड उघडत नाही, आणि वाडीतल्या बायका मलाच विचारायला लागल्या – खरंच आवाज येतो की तुझ्या कानात? मला खोटं ठरवतात म्हणून मी हट्टाने देवळात गेले. बाबलीला निरोप पाठवला होता. त्याने उलटा निरोप पाठवला, "घाला गाऱ्हाणां. मी येतंय." आला. आंघोळ करून, धुतलेला शर्ट घालून.

दाजींनी नारळ हातात घेतला. देवळातलं गाऱ्हाणं तेच घालतात. मी सांगितलेलं त्यांनी त्यांच्या शब्दांत मांडलं – "बा देवा रवळनाथा, ह्या कामात जो कोण खोटो वागलो आसात, तेका आठ दिसांत उघडो पाड. तवसर तेका सुखान झोप लागाक देव नको, म्हाराजा."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. बाबलीही म्हणाला. खणखणीत.

धनेशचे ओठ मिटलेले होते. मला वाटलं, माझी लाज वाटते त्याला.

८ फेब्रुवारी, शनिवार



झारापला रस्त्याचं काम. चढावर गाड्यांची रांग लागली. ऊन, धूळ. मी म्हटलं धूळ येते, आणि त्याच्या काचेच्या उघड्या फटीत हात लांबवून माझी ओढणी कोंबून टाकली. धनेशने हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं. पुढच्या, मागच्या गाड्याही बंद झाल्या.

शीळ चालूच.

इंजिन बंद, वारा नाही, काही हलत नाही – आणि शीळ चालू. मला आनंद झाला. खरंच झाला. आता सापडणार! डॅशबोर्डला कान लावला. दाराला लावला. गिअरच्या दांड्यापाशी वाकले. मग तशीच पुढे सरकले, त्याच्या बाजूला. माझं डोकं त्याच्या छातीजवळ गेलं आणि शीळ थांबली.

"थांबली," मी म्हटलं.

वर बघितलं. त्याने श्वास धरून ठेवला होता. तोंड लाल, गळ्याच्या शिरा ताठ, डोळे समोरच्या ट्रकवर. विहिरीत बुडी मारताना मुलं धरतात तसा. किती वेळ, कोण जाणे. मग सुटला. खोकला, खोकला, आणि खोकल्याच्या मागून तीच शीळ. बारीक, लांब.

मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. रांग हलली होती.

ओढणी ओढून काढली.

९ फेब्रुवारी, रविवार

"कधीपासून?"

"पावसाळ्यापासून. केबिन नवी झाल्यावर जास्त."

"सांगलात कित्याक नाय?"

"तुका कळला तर तू गाडी इकूक लावशीत." मग – "आणि तू बाजूक बसतंस, माका बरां वाटता. तां पण गेलां असतां."

एका घरात राहून मी ह्या माणसाचा श्वास ओळखला नाही. ट्रकचा पार्ट समजले. त्याला तेल घालायला निघाले होते.

१० फेब्रुवारी, सोमवार

कुडाळला डॉक्टरकडे. त्यांनी विचारलं, "दगडाची धूळ किती वर्षं?" मग, "हल्ली बंद जागेत रंगाचा, सोल्युशनचा वास?" धनेश "नाय" म्हणाला. मी म्हटलं, हो. दोन महिने. फोम चिकटवलेली बंद केबिन, काचा वर. माझ्याच हट्टाने.

चिरा वाहणं बंद, डॉक्टर म्हणाले. आजपासून. उरलेल्या तपासण्या पुढच्या आठवड्यात. पंपाने औषध ओढायला शिकवलं. धनेशला जमत नव्हतं, लहान मुलासारखा माझ्याकडे बघत होता.

१२ फेब्रुवारी, बुधवार

पडवीत तो बसून झोपतो. आडवं झालं की दम लागतो. सुखाने झोप लागू देऊ नको म्हणून सांगून आले मी, नारळ देऊन, माणसं साक्षीला ठेवून. खोटं कोण वागलं? माझा नवरा. आठ दिवसांत उघडा पडला, पाचव्याच दिवशी. मला देव-धर्माचं एवढं नसतं. तरी बसवेना. दाजींकडे गेले.

"गाऱ्हाणां पाठी घेवचा आसा."

दाजी म्हणाले, "जेच्यावर घातलंस तेका वांगडाक घेवन ये. कोणावर घातलेलंस?"



ग्रुपवरचा मेसेज आता पुसता येत नाही. खाली नवा लिहिला – चूक माझी, बाबलीचं काम चोख होतं. एकानेही काही उत्तर दिलं नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

बाबलीकडे गेले. तो गॅरेजात नव्हता, घरी त्याची आई होती, काशीबाई. आजाराचं कोणाला सांगू नको म्हणून धनेशने बाबलीला घातलेल्या शपथेचं मला ठाऊक असेल असंच धरून बोलत होत्या. मला बसवलं, हसतच सांगितलं – त्या सोमवारी आम्ही देवळात जायच्या आधीच बाबली नारळ घेऊन गेला होता, त्यांना सोबत नेऊन. दाजींना उठवलं नाही, स्वतःच बोलला. "म्हाराजा, आता एक बाई येतली आणि रागान कायतरी मागतली. तिचा आयकू नको. तिका म्हायत नाय, ती कोणासाठी मागता तां."